अफझलगंजचे बनियन

हैदराबादला मी गेलो होतो तो पुस्तके आणायला. एका जुन्या मित्राचे वडील वारले, मित्र परदेशात, आणि कपाटातली मराठी पुस्तके रद्दीत जाण्याऐवजी कुणी वाचणाऱ्याने न्यावीत अशी त्याच्या आईची इच्छा. काकूंचा फोन आला आणि मी पणजीहून रात्रीची बस पकडली. घाट चढेपर्यंत पावसाने गाठले. सकाळी उतरून बॅग हातात घेतली तर तिच्यातून पाणी ठिबकत होते. बसच्या डिकीत कुठून तरी पाणी शिरले असणार. कपडे सगळे चिंब. कंडक्टरने 'बारिश है ना साब' एवढे म्हणून विषय संपवला.

लॉज अफझलगंजात मिळाले. मुशी नदीच्या उत्तर काठावरचा हा बाजार. पाचवा निजाम अफजलुद्दौला (१८५७ ते १८६९) याने धान्याच्या व्यापाऱ्यांना इथे जागा दिली, त्याच्याच नावाने ही पेठ उभी राहिली. आजही तिथे पोती, हातगाड्या, हमालांच्या आरोळ्या आणि मिरची-मसाल्याचा खकाणा. एका बाजूला उस्मानिया इस्पितळाचे घुमट, जवळच जुन्या आसफिया ग्रंथालयाची भव्य इमारत, आणि पूल ओलांडला की पलीकडे सालारजंग म्युझियम. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार रोजच्या रोज भरला आणि त्याच्या मधोमध दोन राजवाडे आणून ठेवले तर जसे दिसेल तसे काहीसे.

अंगावरचे ओले कपडे बदलायचे तर आधी बनियन हवे. लॉजच्या खालीच एक दुकान होते.

"क्या होना साब?"

"बनियन."

"बाहाँ का होना के बगैर बाहाँ का? देखो, कपडा अच्छाइच है."

ही दखनी कानाला फार गोड लागते. कारण तिच्यातला तो 'च' आपला आहे. 'अच्छाइच', 'यहींच', 'मैंइच'. मराठीतला 'च' तिने शेकडो वर्षांपूर्वी उचलला आणि अजून परत केलेला नाही! मी बिनबाह्यांची दोन बनियने घेतली, वर जाऊन एक अंगात घातले आणि खाटेवर बसून चहा प्यायलो. आमच्या गावातले समस्त पुरुष संध्याकाळी ज्या वेषात सोप्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करतात, त्याच वेषात.

तेव्हा मनात आले, की हा शब्द तरी कुठला? 'बनियन' आपण सर्रास म्हणतो. मूळ मात्र ते मराठी नव्हे आणि इंग्रजीही नव्हे. शब्द निघाला गुजरातेतून. तिथल्या 'वाणिया' लोकांना पोर्तुगीजांनी 'बानियान' म्हणायला सुरुवात केली. आसगावचे मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दालगाद यांच्या पोर्तुगीज-आशियाई शब्दकोशात (दोन खंड, १९१९ आणि १९२१) हा शब्द आहे. पोर्तुगीजांकडून तो इंग्रजांनी घेतला. ज्या झाडाखाली हे वाणी दुकान मांडत त्या वडाला त्यांनी 'बनियन ट्री' केले, आणि वाण्यांच्या सैल अंगरख्यावरून घरात घालायच्या एका झग्यालाही 'बनियन' म्हटले. तो झगा पुढे विस्मरणात गेला. नाव तेवढे अंगाला चिकटलेल्या आतल्या सदऱ्यावर येऊन बसले. १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' ह्या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात बनियन म्हणजे आतला सदरा असेच दिले आहे.

तर ह्या हरवलेल्या झग्याची ही गोष्ट. कारण तो झगा साधासुधा नव्हता. त्याच्यासाठीचे उत्तम कापड मी ज्या शहरात बसून चहा पीत होतो त्या शहराच्या बंदरातून जात असे, आणि ते हाताने, कलमाने रंगवलेले असे.

सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपातला प्रतिष्ठित पुरुष डोळ्यांसमोर आणा. डोक्यावर केसांचा टोप, त्यासाठी खालचे डोके भादरलेले. अंगात घट्ट कोट, त्याच्या आत वेस्टकोट, गळ्याला फडके, पायांत तंग मोजे. असा माणूस घरी आला की काय करणार? जे आपण करतो तेच. सगळे उतरवून मोकळा होणार. टोप काढून मऊ टोपी घालणार आणि वर एक पायघोळ, सैल झगा चढवणार. त्याच झग्यात तो न्याहारी करी, पत्रे लिही, पाहुण्यांना भेटे, आणि चित्रकारासमोर ऐटीत बसे. बेंजामिन रश नावाच्या अमेरिकन डॉक्टराने तर असे मत मांडले, की सैल कपड्यांत बुद्धी चांगली चालते आणि म्हणूनच अभ्यासू लोक आपली चित्रे नेहमी झग्यात काढून घेतात. आमच्या सोप्यावरच्या बनियनधारी विद्वानांना हे वाचून फार बरे वाटेल.

ह्या झग्याचा कापही मुळात युरोपचा नव्हता. जपानात व्यापार करणाऱ्या डचांना तिथल्या शोगुनकडून किमोनो भेट मिळत. हॉलंडमध्ये त्यांची इतकी हौस वाढली, की भेटीचे किमोनो पुरेनात. मग त्याच कापाचे झगे हिंदुस्थानी कापडाचे होऊ लागले. म्हणजे बघा, काप जपानी, कापड तेलुगू मुलखातले, नाव गुजराती, ते नाव फिरवणारे तोंड पोर्तुगीज, आणि मिरवणारा लंडन नाही तर ॲमस्टरडॅमचा शेठ!

लंडनच्या सॅम्युएल पेप्सने, ज्याची रोजनिशी प्रसिद्ध आहे, १६६१ च्या जुलैत स्वतःसाठी एक 'इंडियन गाऊन' घेतला. दोन वर्षांनी बायकोच्या खोलीत भिंतीला लावायला हिंदुस्थानातले रंगवलेले चीट आणले. आणि १६६६ साली चित्र काढून घ्यायची वेळ आली तेव्हा त्यासाठी गाऊन चक्क भाड्याने आणला. ते चित्र आज लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. चित्रातला गाऊन रेशमी दिसतो, चिटाचा नव्हे. पण भाड्याने आणूनसुद्धा तो अंगावर असावा असे वाटणे, ह्यातच सगळे आले. पॅरिसमध्ये मोलियेरने १६७० साली ह्याच हौसेची टिंगल केली. त्याच्या नाटकातला नवश्रीमंत जुर्दँ नवा चिटाचा झगा घालून मास्तरांसमोर येतो आणि मोठी माणसे सकाळी असेच असतात असे शिंप्याने सांगितल्याचे अभिमानाने ऐकवतो. त्या झग्याला त्याने वापरलेला शब्द आहे 'अँदियेन', म्हणजे 'हिंदुस्थानी'. कापडाचे नावच आपल्या देशावरून पडले होते.

चीट हा शब्द आपल्याकडे अजून आहे. चिटाचा परकर, चिटाचा झगा असे आमच्या आज्या म्हणत. मूळ 'छींट', म्हणजे शिंतोडा, ठिपका. पोर्तुगीजांनी त्याचे 'शीता' केले, इंग्रजांनी 'चिंट्झ'. त्याआधी पोर्तुगीज ह्या कापडाला 'पिंतादो' म्हणत, रंगवलेले अशा अर्थाने, आणि सुरुवातीचे इंग्रज व्यापारीही तोच शब्द आपल्या हिशेबात लिहीत. मला 'पिंतादो' जास्त आवडतो. 'शीता' म्हटले की छापील कापडही त्यात आले. 'पिंतादो' म्हटले की कुणीतरी बसून, वाकून, ओढलेली रेघ दिसते.

ते वाकून रेघ ओढणारे कोण होते? मछलीपट्टण, तिथून दक्षिणेला असलेले पेटाबोली म्हणजे आजचे निजामपट्टणम, गोदावरीच्या मुखाकडचे पालकोल्लू. हा सगळा किनारा गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचा. हैदराबाद १५९१ साली वसले आणि मछलीपट्टण त्याचे समुद्राकडचे दार झाले. डच तिथे १६०६ च्या सुमारास आले, इंग्रज १६११ साली. त्यांना मसाल्याच्या बेटांवर कापड देऊन मिरी-लवंग घ्यायची होती. युरोपात ते कापड पुढे आपल्या पायांनी गेले.

ह्या किनाऱ्याचे भाग्य एका मुळीत होते. तिला तेलुगूत चिरुवेरु म्हणतात आणि जुन्या व्यापाऱ्यांच्या कागदांत 'चाय'. आपल्या चहाशी तिचा संबंध नाही. वाळूत उगवणारे हे खुजे झाड, पण त्याच्या मुळीतून जो लाल रंग निघे तसा दुसरीकडे निघत नसे. पेटाबोलीच्या मुळीचे नाव सगळ्यात वर होते. तिथल्या जमिनीत शिंपल्यांचा चुना आहे, त्याने रंग खुलतो.

रंगवण्याची रीत मी जितकी वाचली तितका थक्क होत गेलो. आपण समजतो की कुंचला रंगात बुडवला आणि फूल काढले. इथे लाल फूल काढताना लाल रंग हातात नसतोच! आधी कोरे कापड धुऊन हिरड्याच्या पाण्यात आणि म्हशीच्या दुधात भिजवायचे. दुधाच्या स्निग्धपणाने पुढची रेघ फुटत नाही. मग टोचलेल्या कागदावरून कोळशाची पूड झटकून नक्षी उतरवायची. काळ्या रेघांसाठी गंजके लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवलेले. आणि लाल जिथे हवे तिथे नुसती तुरटी. ती कापडावर दिसावी म्हणून तिच्यात किंचित पतंगाच्या लाकडाचा रंग. बांबूच्या कलमाला केसांचा बोळा गुंडाळलेला, बोटांनी दाबला की त्यातून थेंब उतरतो. असे सगळे कापड तुरटीने 'लिहून' झाले, की ते चायच्या मुळीबरोबर उकळायचे. सगळे कापड लालसर होते. मग शेणाच्या पाण्यात बुडवायचे, नदीवर धुवायचे, उन्हात वाळवायचे, पुन्हा धुवायचे. जिथे तुरटी लागली नाही तिथला रंग निघून जातो आणि जिथे लागली तिथे तो पिढ्यान्‌पिढ्या राहतो. रंगाऱ्याने काय लिहिले होते ते तेव्हा कुठे दिसू लागते.

एवढ्यावर संपत नाही. निळ्यासाठी नीळ, आणि निळीचे पीप थंड. जिथे निळे नको तो सगळा भाग मेणाने झाकायचा, कापड पिपात बुडवायचे, मग उकळत्या पाण्याने मेण काढायचे. पुन्हा धुणे. पुन्हा तुरटी, आतले भरीव लाल-जांभळे भरायला, पुन्हा चाय. शेवटी हिरवे पान हवे तर निळ्यावर पिवळे चढवायचे. आणि सगळे झाले की भाताची पेज लावून, कुटून, शिंपल्याने घोटून चकाकी आणायची. हे पिवळे तेवढे कच्चे. म्हणून जगभरच्या म्युझियममध्ये ह्या कापडांवरची पाने आज निळी दिसतात. पाहणाऱ्याला वाटते, काय कल्पना आहे बुवा, निळी पाने! ती एके काळी हिरवीगार होती.

दानिएल हावार्त नावाचा एक डच त्या काळात ह्या भागात नोकरीला होता. शिवाजी महाराज १६७७ साली भागानगरला येऊन अबुल हसन कुतुबशहाला भेटले, त्याच्याच आगेमागे. आपल्या १६९३ च्या पुस्तकात त्याने लिहिले आहे, की हे काम गोगलगायीच्या चालीने चालते, पुढे सरकताना दिसतच नाही, आणि कुणाला 'धीर' ह्या गुणाचे चित्र काढायचे असेल तर पालकोल्लूचा एखादा चितारी समोर बसवला की पुरे. त्या चिताऱ्याचे नाव मात्र त्याने लिहिलेले नाही. कुणीच लिहिलेले नाही. झगा घालणाऱ्यांची नावे, त्यांची चित्रे, शिंप्यांची बिलेसुद्धा युरोपात सापडतात. रंगवणाऱ्याचे काही नाही. आमच्या कुंकळ्ळीचे चितारी लाखेच्या रंगाने पाट आणि पाळणे रंगवत आले, त्यांनीही कधी खाली नाव घातले नाही. पण पाट कुठल्या घरच्या चिताऱ्याने केला ते गावाला ठाऊक असे. मछलीपट्टणच्या चिताऱ्याचा पाट सहा महिन्यांच्या समुद्रापलीकडे गेला, तिथे कोण ओळखणार?

शिवाय त्याने काय काढायचे हेही त्याच्या हातात राहिले नाही. त्याची सवय होती लाल जमिनीवर नक्षी उठवण्याची. १६४३ साली इंग्रज कंपनीच्या लंडनच्या संचालकांनी सुरतेला कळवले, की लाल जमीन इथे खपत नाही, पांढऱ्या जमिनीवर रंगीत फुले काढून पाठवा. पुढे नमुनेच तिकडून येऊ लागले. माल ठरवून व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत त्याच्याच कामाला बांधलेले राहायचे, अशी ती व्यवस्था. म्हणजे अंगावर आपण काढलेले फूल कधी चढणार नाही, आणि फूलही कधी न पाहिलेल्या बागेतले.

युरोपातल्या विणकरांना मात्र ह्या फुलांनी देशोधडीला लावले, निदान त्यांना तसे वाटले. फ्रान्सने १६८६ च्या ऑक्टोबरात रंगीत हिंदुस्थानी कापडावर बंदी घातली आणि ती १७५९ पर्यंत चालवली. इंग्लंडने १७०० साली कायदा केला. तो पुरला नाही. १७१९ साली लंडनच्या विणकरांनी रस्त्यात बायकांच्या अंगावरची चिटे फाडली, त्यांवर शाई आणि तेजाब टाकले. मग १७२१ चा कडक कायदा आला, तो १७७४ ला उठला. सगळा राग निघाला तो बायकांवर, हे लक्षात घेण्यासारखे आहे. घरात झगा घालून बसलेल्या साहेबाच्या अंगाला कुणी हात लावायला गेले नाही! बंदीने हौस कमी झाली नाहीच. चोरटा माल येत राहिला, आणि म्युझियममधून आज जे पुरुषांचे चिटाचे बनियन दिसतात त्यांतले कितीतरी ह्या बंदीच्या वर्षांतलेच आहेत.

बंदीच्या काळात आणखी एक गोष्ट झाली. ती मला जास्त लागते. पाँडिचेरीकडे गास्तों-लोराँ कोर्दू नावाचे एक जेझुइट पाद्री होते. संस्कृत आणि लॅटिन ह्या बहिणी असाव्यात असे ज्यांनी फार लवकर ओळखले तेच हे. माणूस विद्वान, कष्टाळू, तेलुगू उत्तम जाणणारा. त्यांनी १७४२ साली फ्रान्सला पत्रे लिहून ह्या रंगकामाची सगळी रीत कळवली. हिरडा किती, दूध कसले, तुरटी केव्हा, मेण कसे. माहिती कुणी दिली? ज्यांना त्यांनी नुकताच बाप्तिस्मा दिला होता त्या रंगाऱ्यांनी. आपल्या गुरूने प्रेमाने विचारले, त्यांनी विश्वासाने सांगितले. घरातली विद्या, बापाकडून मुलाकडे जाणारी, ती अशी पत्रातून गेली. पाद्र्यांच्या मनात पाप होते असे मी म्हणणार नाही. त्यांना ते ज्ञान वाटले आणि ज्ञान पसरवावे असे वाटले. पण ज्यांनी सांगितले त्यांच्या पदरात काय पडले? १७६० साली पॅरिसजवळ झुई गावात ओबेरकाँफचा छापखाना सुरू झाला. १७८३ साली थॉमस बेलने तांब्याच्या रुळाने कापड छापायची युक्ती काढली. गोगलगायीने जे काम कित्येक आठवड्यांत केले ते रूळ काही तासांत करू लागला. आणि पुढच्या शतकात मँचेस्टरचे चीट उलट आपल्याच बाजारात आले. आमच्या आज्यांच्या परकराचे चीट बहुधा तेच. 'चिंट्झी' ह्या शब्दाचा अर्थ आज इंग्रजीत 'स्वस्त, भडक' असा होतो. म्हशीच्या दुधापासून सुरू झालेली गोष्ट तिथे येऊन पोचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस उघडला. काकूंकडे दुपारी जायचे होते, म्हणून नया पूल ओलांडून सालारजंग म्युझियममध्ये गेलो. तिसरे सालारजंग मीर युसुफ अली खान (१८८९ ते १९४९) यांनी जमवलेला हा पसारा. सगळी गर्दी बुरख्यातल्या रिबेकाच्या संगमरवरी पुतळ्यापुढे, नाहीतर तास पडायची वाट पाहत त्या वाजणाऱ्या घड्याळापुढे. कापडांच्या दालनात मी आणि एक पेंगणारा पहारेकरी. तिथे कलमकारी आहे, जामे आहेत, पटके आहेत. पटका म्हणजे आपण डोक्याचा समजतो. हे कमरेचे, जाम्यावरून बांधायचे शेले.

तिथे उभा असताना प्रश्न पडला तो असा. तिकडच्या पुरुषांनी हे कापड मिरवले ते ठीक. आपल्या पुरुषांनी काय केले? आज कलमकारी म्हटले की साडी, ओढणी, फार तर पडदा. पुरुषाने अंगभर फुले घातली तर लोक हसतील. तेव्हा हसत नसत. दख्खनच्या वाटेवरचे बऱ्हाणपूर घ्या. आज मध्य प्रदेशात, पण खानदेशाला लागून, अर्धेअधिक आपलेच. तिथे सुती कापडावर हाताने फुले रंगवत आणि ते कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंडपर्यंत जाई, असे ताव्हेर्निए ह्या फ्रेंच जवाहिऱ्याने सतराव्या शतकात लिहून ठेवले आहे. त्याच धर्तीच्या कापडाचे जामे आणि पटके मोगल सरदार घालत. पटक्याच्या दोन्ही टोकांना फुललेल्या रोपट्यांची ओळ, मधला भाग साधा. औरंगजेबाच्या खाशा तंबूला आतून मछलीपट्टणचे चीट लावलेले असे, आणि त्यावरची फुले इतकी जिवंत की बागेत बसल्यासारखे वाटावे, हे बर्निएने पाहिले. जपानात सामुराई आपल्या चिलखतावरच्या बिनबाह्यांच्या कोटाला ह्या कापडाचे अस्तर लावत, तंबाखूच्या पिशव्या करत, आणि त्याला 'सारासा' म्हणत.

मग आपल्याकडे ते सगळे गेले कुठे? लंडन, टोरांटो, न्यूयॉर्क इथे ते पेट्यांत जपलेले आहे. टोरांटोच्या रॉयल ऑन्टॅरिओ म्युझियमने २०२० साली त्याचे मोठे प्रदर्शन भरवले. आपल्याकडे कापड कपाटात ठेवायचे नसते, ते वापरायचे असते. अंगरखा विरला की त्याची मुलाची कोपरी, कोपरी विरली की गोधडीचा तुकडा, शेवटी पोतेरे. वर पाऊस, वाळवी, कसर. आणि महापूर. २८ सप्टेंबर १९०८ ला मुशी चढली तेव्हा अफझलगंज सगळे पाण्याखाली गेले. हजारो माणसे वाहून गेली. इस्पितळाच्या आवारातल्या एका चिंचेच्या झाडावर दीडशे माणसे बसून राहिली आणि वाचली. ते झाड अजून दाखवतात. जिथे माणसांची ही गत, तिथे पेटीतल्या जाम्यांचा हिशेब कोण ठेवणार?

दुपारी काकूंकडे गेलो. जांबागेकडच्या एका गल्लीत जुने घर. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा नोकरीसाठी आलेली ही माणसे. १९५६ ला राज्ये वेगळी झाली, तरी घर इथेच राहिले. काकूंची मराठी ऐकण्यासारखी. औरंगाबादकडची, वर दखनीची फोडणी.

"आलास? बस. हौ, पुस्तकं बांधूनच ठेवलीत बघ."

चहा झाला, पुस्तके पाहिली. नाथमाधव, हरिभाऊ, पाच-सहा दिवाळी अंक, गुलबर्ग्याला छापलेले एक गणिताचे पुस्तक. निघताना देवाला नमस्कार करायला आत गेलो. देवघरात, फळीवर, कापडात बांधलेली गुरुचरित्राची पोथी. मी नमस्कार केला आणि उठता उठता पुन्हा बसलो.

"काकू, हे फडकं कसलं?"

"ते? ह्यांच्या पणजोबांचा अंगरखा होता म्हणे. सासूबाईंनी त्याचं पोथीचं बासन केलं. का रे?"

मी हात धुऊन आलो आणि परवानगी विचारून गाठ सोडली. मऊ, पिवळट पडलेले सुती कापड. तांबडी फुले, अजून ताजी. बारीक वेल. पाने निळी. सगळी निळी. एका कडेला शिवण, तिचा बाक काखेचा असावा असा. ठशाने छापलेले असते तर नक्षीचा सांधा ठराविक अंतरावर दिसला असता. इथे सांधा नव्हता. एका फुलाची पाकळी दुसऱ्यासारखी नव्हती, रेघ कुठे जाड, कुठे केसासारखी. आणि काळ्या रेघांच्या जागी कापड खाल्ल्यासारखे विरलेले, काही ठिकाणी नुसत्या फटी. लोखंडाचा काळा कालांतराने सूत खातो, हे मी वाचले होते. ते असे बोटाखाली कधी आले नव्हते.

मला राहवेना. मी काकूंना सगळे सांगितले. चाय, तुरटी, मेण, झगेवाले साहेब, निळी पाने. म्हटले, काकू, हे असे गाठ मारून वापरायचे कापड नव्हे. दर वेळी गाठ मारता, तिथे ते फाटत चालले आहे. पलीकडे नदीपल्याडच म्युझियम आहे, मी येतो बरोबर, विचारून पाहू. निदान सपाट ठेवा, आत मलमल घाला, पोथीला दुसरे फडके बांधा.

काकूंनी सगळे ऐकून घेतले. कापड हातात धरून खिडकीपाशी नेले आणि निळ्या पानांकडे बराच वेळ पाहिले.

"हिरवी होती म्हणतोस?"

"हो."

"ह्यांना हे ठाऊक असतं तर किती खूश झाले असते." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण म्युझियमला नको रे. दत्तजयंतीला सप्ताह असतो. पोथी काय उघडी ठेवू?"

मी दुसरे फडके आणून देतो म्हटले. त्या हसल्या. "तीन पिढ्या ह्याच्यात आहे ती. दुसऱ्यात बांधली तर मलाच चुकल्यासारखं वाटेल." तरी त्यांनी माझे एक ऐकले. पोथीला आधी एक धुवट मलमल गुंडाळली आणि त्यावर ते कापड नुसते पांघरल्यासारखे घातले. गाठ मारली नाही. टोके खाली दुमडून ठेवली.

पुस्तकांची दोन गाठोडी घेऊन मी रिक्षाने अफझलगंजला परत आलो. बस रात्री नऊची होती. ह्या खेपेला बॅग डिकीत दिली नाही. पुस्तके आणि ती, दोन्ही मांडीवर घेऊन बसलो.